जुनी पिकअप घेताना

वापरलेल्या डिझेल पिकअपची खरी किंमत तिच्या वयावर किंवा मीटरवरच्या आकड्यावर ठरत नाही. तिने आजवर किती ओझे वाहिले, कुठल्या रस्त्यांनी वाहिले आणि तिची देखभाल कशी झाली, यावर ती ठरते. आठ वर्षे दुधाच्या ठरलेल्या फेऱ्या मारलेली गाडी ठणठणीत निघू शकते, तर तीनच वर्षे क्षमतेच्या दीडपट-दुप्पट माल ओढलेली गाडी रंगाने नवी दिसली तरी चेसीपासून थकलेली असते. म्हणून जुनी पिकअप निवडणे म्हणजे तिच्या ओझ्याचा इतिहास वाचणे. तो कागदात, चेसीत, पाट्यांत (लीफ स्प्रिंगमध्ये), इंजिनात आणि ब्रेकमध्ये नोंदलेला असतो.

कळंबसारख्या गावात हा इतिहास वाचणे जास्तच गरजेचे. आंबेगाव तालुक्यातील हे गाव पुणे-नाशिक महामार्गावर मंचर आणि नारायणगाव यांच्या दरम्यान आहे. घोड नदी आणि तिच्यावरचे डिंभे धरण यांच्या पाण्यावर या पट्ट्यात बागायत उभी राहिली. टोमॅटो नारायणगावच्या बाजारात जातो, बटाटा आणि तरकारी मंचरला, कांदा ओतूर-आळेफाट्याला. काही माल चाकण, मोशी, पुण्याचे मार्केट यार्ड किंवा माळशेज घाट उतरून कल्याण-वाशीकडे जातो. म्हणजे एकाच गाडीला शेताकडची चिखलाची वाट, वेगाचा महामार्ग आणि लांब उताराचा घाट असे तिन्ही रस्ते झेपावे लागतात. तोडणी झालेला माल त्याच दिवशी किंवा त्याच रात्री बाजारात पोहोचवायचा असतो. वाटेत गाडी बंद पडली तर दुरुस्तीच्या खर्चाबरोबर मालाचा भावही जातो. त्यामुळे स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली गाडी इथे फार लवकर महाग पडते.

आधी ओझ्याचा हिशेब

गाडी पाहायला जाण्यापूर्वी आपला माल मोजावा. नोंदणी पुस्तकात, म्हणजे आरसीत, दोन आकडे असतात: गाडीचे रिकामे वजन आणि मालासह एकूण वजन. दोहोंतील फरक म्हणजे कायद्याने वाहता येणारे ओझे, आणि चालक व सोबतचा माणूसही त्यातच मोजला जातो. उदाहरणार्थ, एखाद्या गाडीचे एकूण वजन २,९९० किलो आणि रिकामे वजन १,६९० किलो असेल, तर फरक १,३०० किलोंचा. त्यातून दोन माणसांचे १४० किलो वजा केले की मालासाठी १,१६० किलो उरतात. टोमॅटोच्या क्रेटमध्ये साधारण २० किलो माल बसतो आणि रिकाम्या क्रेटचे वजन दीड-दोन किलो असते. भरलेला क्रेट २२ किलोंचा धरला तर या गाडीत ५२ क्रेट नियमाने बसतात. हौद्यात जागा मात्र त्याहून बरीच जास्त असते. जागा आहे म्हणून शंभर क्रेट रचले की ओझे २,२०० किलोंवर जाते. पाटे, टायर, ब्रेक आणि क्लच यांचे आयुष्य तिथेच निम्म्यावर येते.

ज्याचा नेहमीचा माल ८० क्रेटचा आहे, त्याने ५२ क्रेटची गाडी घेऊन तिला रोज ताणण्यापेक्षा एक वर्ग वरची गाडी घ्यावी. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा ओझ्याला २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. कायद्याची आणखी एक रेषा ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एकूण वजन ३,००० किलोंपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, त्यापुढे लागते. त्यामुळे दिसायला सारख्या दोन पिकअपपैकी एकीला परमिटचा खर्च असतो आणि दुसरीला नसतो.

बाजारातल्या गाड्यांचे ढोबळ वर्ग याच हिशेबाने समजून घ्यावेत. २००५ मध्ये आलेली टाटा एस, म्हणजे सर्वांच्या ओळखीचा छोटा हत्ती, पाऊण टनाच्या आसपासची. तिचे मूळ डिझेल इंजिन दोन सिलिंडरचे, ७०० सीसीच्या घरातले. जवळच्या बाजारासाठी ती पुरते, पण भरलेल्या गाडीने घाट चढणे तिचे काम नव्हे. २०११ मध्ये आलेली अशोक लेलँडची दोस्त तीन सिलिंडरची, सव्वा टनाची. बोलेरो पिकअप चार सिलिंडरच्या २,५२३ सीसी इंजिनाची असून मॉडेलनुसार सव्वा टनापासून पावणेदोन टनांपर्यंत माल घेते. टाटा २०७ आणि तिच्यानंतरची योद्धा याच कामाच्या गाड्या. १९८६ पासून रस्त्यावर असलेली टाटा ४०७ यांच्या वरच्या वर्गातली. दोन गाड्यांत मन अडकले असेल तर जिचे सुटे भाग मंचर-नारायणगावच्या दुकानांत लगेच मिळतात आणि जी गावातल्या मिस्त्रीच्या हातची आहे, ती घ्यावी.

इंजिनाची पिढी

जुन्या पिकअपमध्ये, बीएस या धुराच्या सरकारी निकषांच्या टप्प्यांनुसार, तीन पिढ्यांची इंजिने भेटतात. बीएस-३ च्या काळातल्या अनेक गाड्यांत यांत्रिक डिझेल पंप आहे. ही इंजिने आवाज करतात, धूर जास्त सोडतात, पण साध्या हत्यारांनी दुरुस्त होतात. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ लागू झाले. या टप्प्यावर कॉमन रेल पद्धत सर्रास झाली. यात डिझेल अतिशय उच्च दाबाने, संगणकाच्या हुकमाने नोझलमधून फवारले जाते. मायलेज आणि ताकद दोन्ही सुधारतात, मात्र डिझेलमधला कचरा किंवा पाणी नोझलला सहन होत नाही. डिझेल फिल्टर वेळेवर बदलले का, हा प्रश्न इथे सर्वांत मोलाचा.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारे फिल्टर असते. त्याला डीपीएफ म्हणतात. काही गाड्यांत धूर शुद्ध करण्यासाठी युरियाचे वेगळे द्रावणही भरावे लागते. डीपीएफमध्ये साठलेली काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून बराच वेळ सलग, गरम इंजिनाने पळावी लागते. शेतापासून बाजारापर्यंतच्या चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्याच जिच्या नशिबी आहेत, तिचे फिल्टर तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडीची ताकद उतरते. आठवड्यातून दोन-तीनदा पुण्याला किंवा वाशीला जाणाऱ्याला बीएस-६ गाडी सोयीची. फक्त गावच्या फेऱ्या असतील तर नीट राखलेली बीएस-४ गाडी कमी त्रासाची ठरू शकते. पैसे वाचवण्यासाठी मालकाने डीपीएफ काढून टाकलेली किंवा धुराचा काही भाग इंजिनात परत फिरवणारी ईजीआर यंत्रणा बंद केलेली गाडी मात्र घेऊ नये. पीयूसी आणि पासिंगच्या (फिटनेस तपासणीच्या) वेळी ती अडकते, आणि काढलेला भाग पुन्हा बसवण्याचा खर्च नव्या मालकावर येतो.

कागद

यंत्राआधी कागद पाहावेत, कारण बिघडलेले इंजिन दुरुस्त होते, बिघडलेले कागद अनेकदा होत नाहीत. आरसीवरचा चेसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या कोरीव आकड्यांशी स्वतः ताडून पाहावेत. चेसी नंबरच्या आजूबाजूला घासल्याच्या खुणा, वेल्डिंग किंवा ताजा रंग असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणी, विमा, फिटनेस आणि कर्जाची नोंद दिसते. प्रलंबित ई-चलनेही ऑनलाइन पाहता येतात, आणि ती फेडण्याची जबाबदारी कोणाची हे किंमत ठरण्यापूर्वीच ठरवावे.

कर्जाची नोंद सर्वांत जास्त फसवते. विक्रेता हप्ते फिटले म्हणतो, पण आरसीवर वित्तसंस्थेचे नाव असेल तर कायद्याच्या दृष्टीने बोजा कायम आहे. वित्तसंस्थेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. हप्ते थकल्याने ओढून आणलेल्या गाड्याही स्वस्तात विकल्या जातात. त्या आहे त्या स्थितीत मिळतात आणि बहुतेकदा चालवून पाहता येत नाहीत, म्हणून अशा गाडीची बोली लावताना इंजिन व क्लचचे काम निघेल असेच धरून चालावे.

पासिंगची तारीखही किमतीत मोजावी. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. पंधरा वर्षांपुढच्या गाडीच्या पासिंगचे शुल्क बरेच जास्त आहे. पुढच्याच महिन्यात पासिंग संपत असेल तर ते करून देण्याची अट घालावी. गाडी पासिंगला उभी राहते की नाही, हीच तिची एक तटस्थ परीक्षा असते. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीवर एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरपाटी, बसवली आहे का, हेही पाहावे.

जुन्नर, आंबेगाव आणि खेड तालुक्यांतील गाड्यांची नोंद पिंपरी-चिंचवडच्या आरटीओत, एमएच-१४ या क्रमांकाने होते. गाडी राज्यातल्या दुसऱ्या कार्यालयाची असेल तर फार अडत नाही. परराज्यातली असेल तर तिथली एनओसी, इथला कर आणि नवी नोंदणी असा खर्च व वेळ धरावा लागतो.

चेसी, पाटे, हौदा

गाडी सपाट जागी, रिकामी, उजेडात उभी करून पाहावी. आधी मागून काही पावले दूर उभे राहून ती एका बाजूला झुकली आहे का ते पाहावे. मग दोन्ही बाजूंना जमिनीपासून चेसीपर्यंतची उंची टेपने मोजावी. स्पष्ट फरक असेल तर एका बाजूचे पाटे बसले आहेत किंवा चेसी वाकली आहे.

पाट्यांची संख्या मोजणे हे अगदी साधे, पण सर्वांत बोलके काम. कंपनीने दिल्यापेक्षा जास्त पाटा घातलेला असेल तर ती गाडी जादा ओझ्याचीच होती. कमानीत नव्या-जुन्या पाट्यांचा रंग वेगळा दिसतो. शॅकल आणि बुशिंग झिजलेले असतात. जादा पाट्याने कमान टिकते, पण तेवढा जोर चेसी, मागच्या ॲक्सलचे हाऊसिंग आणि बेअरिंगवर जातो. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा जोर ओझ्याप्रमाणे कमी-जास्त करणारा एक वॉल्व्ह असतो. तो एका दांडीने मागच्या ॲक्सलला जोडलेला असतो. पाटे वाढवल्यावर गाडीची उंची बदलते आणि हा वॉल्व्ह चुकीचा अंदाज घेऊ लागतो. कित्येकदा तो तारेने बांधून ठेवलेला किंवा काढून टाकलेला आढळतो. अशी गाडी पावसात रिकामी पळताना मागून घसरू शकते किंवा भरलेली असताना वेळेवर थांबत नाही. गाडीखाली वाकून ही दांडी जागेवर आहे का ते पाहायला मिनिटही लागत नाही.

चेसीला तडे बहुधा तीन जागी जातात: केबिनच्या लगेच मागे, पाट्यांचे ब्रॅकेट जिथे बसतात तिथे आणि आडव्या पट्ट्यांच्या सांध्यांवर. या जागा कापडाने पुसून टॉर्चने पाहाव्यात. वेल्डिंगचा टाका किंवा जोडलेली पट्टी दिसली तर ती गाडी सोडून द्यावी. सगळी गाडी जुनी आणि चेसीच तेवढी काळीभोर चकचकीत असेल, तर रंगाखाली काय आहे हा प्रश्न विचारायलाच हवा.

हौद्याचा पत्रा मालाची कथा सांगतो. सडलेल्या टोमॅटोचे पाणी, रासायनिक खत आणि कोंबडखत यांनी तळाचा पत्रा आणि त्याखालच्या पट्ट्या खालून गंजतात. वरून रबरी चटई किंवा नवा पत्रा टाकलेला असेल तर तो उचलून पाहावा. भीमाशंकरच्या बाजूला, तळेघर-आहुपे परिसरात मुसळधार पावसात वापरलेल्या गाडीच्या दारांच्या खालच्या कडा आणि केबिनचा तळही तपासावा. हौदा उंच करून जाळी चढवली असेल तर ते वजन आरसीत नसते. अशी गाडी वजनकाट्यावर रिकामी तोलून आरसीतल्या रिकाम्या वजनाशी ताडावी. शंभर-दीडशे किलोंचा फरक निघाला तर तितक्या वजनाचे क्रेट कायमचे कमी झाले. शिवाय परवानगीविना केलेला असा बदल पासिंगला अडतो आणि अपघातात विम्याच्या दाव्यालाही अडथळा ठरतो.

थंड इंजिन

गाडी पाहायला सकाळी जावे आणि आपण येईपर्यंत ती सुरू करू नये, असे आधीच सांगावे. गेल्यावर बॉनेट उघडून इंजिनाला हात लावावा. कोमट लागले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे, कारण डिझेल इंजिनाचे बहुतेक दोष थंड असतानाच कळतात.

सुरू करण्याआधी ऑइलची पट्टी काढून पाहावी. डिझेल इंजिनाचे ऑइल काळे असते, त्यात वावगे काही नाही. ते दुधाळ, कॉफीच्या रंगाचे असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. पातळी खुणेच्या वर आणि डिझेलचा वास असेल तर नोझल गळते आहे किंवा डीपीएफचे काम अर्धवट राहते आहे. कुलंटच्या बाटलीत तेलाचा तवंग असेल तर हेड गॅसकेट संशयास्पद. किल्ली फिरवल्यावर इंजिनाच्या खुणेचा दिवा लागून गाडी सुरू होताच विझायला हवा. तो मुळातच लागत नसेल तर दोष लपवण्यासाठी काढलेला असू शकतो.

निरोगी इंजिन थंडीतही एक-दोन प्रयत्नांत सुरू होते. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर विरून जातो. पांढरा धूर चालूच राहिला आणि कुलंट कमी होत असेल तर पाणी सिलिंडरमध्ये जाते आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते: रिंगा, वॉल्व्ह सील किंवा टर्बो यांपैकी काहीतरी गेले आहे. रेस केल्यावर दाट काळा धूर म्हणजे नोझल, एअर फिल्टर किंवा टर्बोचा दोष.

यानंतर इंजिन चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण सावकाश काढावे. थोडी वाफ येणे स्वाभाविक आहे. झाकण उडू पाहत असेल, धूर फुसफुसत जोराने येत असेल आणि ऑइलचे शिंतोडे हातावर उडत असतील, तर कंप्रेशन रिंगांमधून खाली उतरते आहे. हे इंजिन कामाला आले आहे आणि तो खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी व्हावीत.

कॉमन रेल गाडी असेल तर मिस्त्रीकडून दोन गोष्टी करून घ्याव्यात. एक, स्कॅनर लावून साठलेले दोष वाचणे. दुसरी, प्रत्येक नोझलच्या परतीच्या नळीला छोटी बाटली लावून इंजिन काही मिनिटे चालवणे. ज्या बाटलीत डिझेल इतरांपेक्षा खूप जास्त जमते, ते नोझल झिजले आहे. या तपासणीची मजुरी नोझलच्या किमतीपुढे अगदी किरकोळ आहे.

चालवून पाहणे

रिकाम्या गाडीची फेरी पुरेशी नाही. शक्य असेल तर हौद्यात नेहमीचा माल किंवा पोती भरून पाहावी. कळंबहून चाचणी घेताना गावातला खराब रस्ता, महामार्गाचा सलग पट्टा आणि एखादी चढण असा मार्ग धरावा. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला असता इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट सरकते. ठरावीक वेगाला मागून सलग घुंईऽऽ असा आवाज येत असेल तर हाऊसिंगमधले दाते किंवा बेअरिंग झिजले आहेत. गिअर टाकताना खालून ठक् असा आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा क्रॉस गेला आहे. तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमधून दांडी आपोआप सुटत असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागेल.

मोकळ्या, सरळ रस्त्यावर दुसऱ्या माणसाने मागून दुचाकीवर यावे. पिकअपची मागची चाके पुढच्या चाकांच्या रेषेत नसतील आणि गाडी तिरकी पळत असेल तर चेसी किंवा ॲक्सल सरकले आहे. ब्रेक दाबताना ती एका बाजूला ओढू नये. उतारावर वारंवार ब्रेक लावल्यावर पेडल खाली जात असेल तर माळशेजसारख्या घाटात ती गाडी धोक्याची. परत आल्यावर चारही चाकांच्या ब्रेकच्या उष्णतेचा अंदाज घ्यावा. एकच फार तापला असेल तर तिथला ब्रेक अडकतो आहे.

टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. २३२१ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी भरपूर उरली तरी पाच-सहा वर्षांपुढचा टायर ओझ्याखाली भरवशाचा नसतो. एकाच कडेने झिजलेला पुढचा टायर अलाइनमेंट, किंग पिन किंवा बॉल जॉइंटकडे बोट दाखवतो. स्टेपनी, जॅक आणि पाना गाडीत आहेत का, हेही त्याच वेळी पाहावे.

भाव आणि नावबदल

किंमत ठरवताना मागितलेल्या रकमेत लगेच येणारे खर्च मिळवावेत: टायर, ब्रेक लायनर, सर्व फिल्टर व ऑइल, बॅटरी, विमा, पासिंग आणि नावबदल. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर बहुधा नव्या गाडीपेक्षा चढा असतो, तोही हिशेबात घ्यावा. या बेरजेनंतर दोन गाड्यांची तुलना केली की अनेकदा थोडी महाग पण राखलेली गाडीच स्वस्त ठरते. बाजाराचा हंगाम तोंडावर आला की घाई होते, आणि घाईत तपासणी सुटते. म्हणून गाडीचा शोध हंगामाच्या दोन-तीन महिने आधी सुरू करावा.

व्यवहार नोटरीच्या कागदावर थांबवू नये. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या करून आरटीओत नाव बदलावे. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विक्रेत्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवणे कायद्याने आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात स्पष्ट केले, की अपघाताच्या भरपाईसाठी ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच मालक मानला जाईल. त्यामुळे नाव बदलून घेणे विकणाऱ्याच्याही हिताचे आहे. विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्यावा. आधीच्या मालकाची नो क्लेम सवलत नव्या मालकाला मिळत नाही, म्हणून हप्त्यातला फरक भरावा लागतो.

चालकाच्या परवान्याबाबत २०२४ मध्ये घटनापीठाने निर्णय दिला आहे. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्याला ७,५०० किलोंपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येते. सर्व पिकअप या मर्यादेत बसतात. आरसीत नोंदलेल्या आसनांपेक्षा जास्त माणसे मात्र नेता येत नाहीत. तोडणीच्या मजुरांना हौद्यात बसवून नेणे बेकायदा आहे आणि त्यांच्या जिवाशी खेळणे आहे. मजुरांची ने-आण हा नेहमीचा भाग असेल तर दुहेरी केबिनची गाडी पाहावी किंवा त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी.

गाडी ताब्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलावेत, हाऊसिंग व गिअरबॉक्सच्या ऑइलची पातळी पाहावी, चाकांच्या बेअरिंगना ग्रीस भरून घ्यावे, ब्रेकचे लायनर उघडून पाहावेत आणि त्या दिवसाचे किलोमीटर वहीत लिहून ठेवावेत. पुढची प्रत्येक दुरुस्ती आणि प्रत्येक फिल्टर याच वहीत नोंदला गेला, की देखभाल चुकत नाही आणि गाडी विकायची वेळ येईल तेव्हा घेणाऱ्याला तिचा खरा इतिहास दाखवता येतो.